पडद्यावरची गोळी आणि प्रेक्षकाची छाती

पदरचे पैसे मोडून माणसे घाबरायला जातात, हे नवलच म्हणायचे. पण ते नवल जुने आहे. १९०३ साली अमेरिकेत एडविन पोर्टर यांनी ‘द ग्रेट ट्रेन रॉबरी’ हा छोटासा मूकपट काढला. त्यात एक दरोडेखोर थेट प्रेक्षकांवर पिस्तूल रोखून गोळ्या झाडतो. हे दृश्य खेळाच्या आरंभी दाखवायचे की शेवटी, ते चित्रपटगृहवाल्याने ठरवावे अशी मुभा होती. कथेशी त्याचा संबंध नव्हता. प्रेक्षक दचकावा, एवढाच हेतू!

आपल्याकडे राम गोपाल वर्मा यांचा ‘सत्या’ ३ जुलै १९९८ रोजी आला आणि १७ जानेवारी २०२५ रोजी पुन्हा चित्रपटगृहांत लागला. मुंबईच्या टोळीयुद्धाच्या या चित्रपटातल्या दोन जागा पाहणाऱ्याच्या मनातून जात नाहीत. एक, चित्रपटगृहात गोळीचा आवाज होऊन उडालेली चेंगराचेंगरी. दुसरी, गप्पा चालू असताना भिकू म्हात्रेला अचानक घातलेली गोळी. अशा वेळी कोणी खुर्चीचा हात घट्ट धरतो, कोणी डोळे झाकतो, तर मागून कोणी शिट्टी मारतो. दृश्य एकच, मग प्रतिक्रिया इतक्या निराळ्या का?

शरीरात काय होते?

गोळीचा आवाज कानी पडताच मेंदूचा भीतीशी संबंधित भाग आधी जागा होतो. ‘हे खोटे आहे’ हा विचार क्षणभर मागून येतो. तेवढ्यात मूत्रपिंडांवरच्या ॲड्रिनल ग्रंथींतून ॲड्रिनलिन रक्तात उतरते. छाती धडधडते, रक्तदाब चढतो, तळहातांना घाम फुटतो, तोंडाला कोरड पडते. पळण्याची किंवा लढण्याची ही तयारी असते. पण पळायचे कोठेच नसते. मग तोच जोर किंचाळी, हसू किंवा शिट्टी होऊन बाहेर पडतो. म्हणून शिट्टी मारणारा घाबरलाच नाही, असे समजू नये.

‘रक्त गोठले’ असे आपण म्हणतो. नेदरलँड्समधील संशोधकांनी २०१५ साली हे तपासूनही पाहिले. त्यांनी २४ निरोगी तरुणांना एक भयपट व एक माहितीपट दाखवला. भयपटानंतर रक्त साकळण्यास मदत करणारा एक घटक (फॅक्टर आठ) वाढलेला आढळला. प्रत्यक्षात गाठ मात्र तयार होत नव्हती. म्हणजे म्हण अगदीच पोकळ नाही, पण निरोगी माणसाने धास्ती घेण्याचेही कारण नाही.

कोणी जपावे?

नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांनी, छातीत कळ येणाऱ्यांनी आणि रक्तदाब ताब्यात नसलेल्यांनी असे चित्रपट डॉक्टरांना विचारूनच पाहावेत. ज्यांनी हाणामारी, खून किंवा गोळीबार प्रत्यक्ष पाहिला आहे, त्यांच्या बाबतीत तर विशेष काळजी घ्यावी. पडद्यावरचा आवाज त्यांना पुन्हा त्या दिवसाकडे नेतो. झोप उडणे, दचकणे, तेच दृश्य डोळ्यांपुढे येणे असे महिनाभर चालले, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जावे. त्यात लाज कसली?

मुलांचे काय?

सहा-सात वर्षांपर्यंतच्या मुलाला खरे आणि खोटे नीट वेगळे करता येत नाही. मेलेला माणूस पुढच्या चित्रपटात कसा जिवंत होतो, हेच त्याला कळत नसते. रात्री बिछाना ओला करणे, एकटे न झोपणे, शाळेला जाताना रडणे ही त्या भीतीची रूपे असतात.

मोठ्या मुलांचा प्रश्न वेगळा आहे. त्यांची भीती जाते आणि बंदुकीची भूल उरते. अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठात ८ ते १२ वर्षांच्या १०४ मुलांना जोडीजोडीने वीस मिनिटे चित्रपट दाखवला. काहींच्या चित्रपटात बंदुका होत्या, काहींच्या चित्रपटातून त्या काढून टाकल्या होत्या. नंतर खेळण्यांच्या खोलीतील एका खणात निकामी केलेले खरे पिस्तूल ठेवले. बंदुका पाहून आलेल्या मुलांनी ते कितीतरी अधिक वेळ हाताळले आणि त्याचा चापही जास्त वेळा ओढला. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगावरून चित्रपट पाहून मुले खुनी होतात, असे मुळीच सिद्ध होत नाही. पण ज्या घरात खरे पिस्तूल आहे, त्या घराने यातून धडा घ्यावा.

हे अमेरिकेचे झाले, असे माजलगावकरांनी म्हणू नये. डिसेंबर २०२४ नंतर बीड जिल्ह्यातील शस्त्रपरवान्यांचा विषय राज्यभर गाजला. कमरेला पिस्तूल लावलेल्या, हवेत गोळ्या झाडणाऱ्यांच्या चित्रफिती मोबाइलवर फिरल्या. २०२५ मध्ये प्रशासनाने अनेक परवाने रद्दही केले. आपल्या मुलांच्या दृष्टीने पिस्तूल केवळ पडद्यावरची वस्तू राहिलेली नाही.

चित्रपट जे दाखवत नाही

नायकाच्या खांद्याला गोळी लागते आणि तो लढतच राहतो. खऱ्या खांद्यात हाताची मोठी रक्तवाहिनी आणि नसांचे जाळे असते. ते तुटले तर हात कायमचा लुळा पडतो, वेळेवर रक्त थांबले नाही तर जीव जातो. गोळी उपसून काढली की माणूस बरा, हाही चित्रपटीय समज. डॉक्टर आधी रक्तस्राव थांबवतात. काढण्यात धोका असेल तर गोळी आत तशीच राहू देतात. हवेत झाडलेली गोळीही कोठेतरी खाली पडतेच आणि तिनेही माणसे दगावली आहेत. पडद्यावर न दिसणारे महिनोन् महिन्यांचे ड्रेसिंग, कर्ज आणि अंथरुणाला खिळलेला कर्ता माणूस, हे मुलांना सांगायला हवे.

घरच्यांसाठी चार गोष्टी

१. प्रमाणपत्र पाहूनच तिकीट काढा. ‘ए’ म्हणजे फक्त प्रौढांसाठी. ‘यूए’चे २०२३ च्या कायदादुरुस्तीने ७, १३ आणि १६ वर्षे असे तीन भाग झाले आहेत. मोबाइलवर पाहतानाही वयाची सूचना पाळा.

२. मूल घाबरले तर ‘भित्रा कुठला’ म्हणून हिणवू नका. जवळ घ्या, दिवा लावा, गोळी व रक्त खोटे कसे बनवतात ते समजावून सांगा. मोठ्या मुलाला विचारा, ‘मेलेल्याच्या घरी दुसऱ्या दिवशी काय झाले असेल?’

३. परवान्याचे शस्त्र रिकामे करून कुलपात ठेवा, गोळ्या वेगळ्या कुलपात. किल्ली मुलांच्या हाती लागू देऊ नका.

४. कोणाला गोळी लागलीच तर जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा, तोंडाने पाणी देऊ नका, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. पोलीस केस आहे म्हणून उपचार अडवता येत नाहीत, असा सर्वोच्च न्यायालयाचा १९८९ चा निर्णय आहे.

थरारपट जरूर पाहावा. दिवे लागले की निरोगी माणसाची छाती थोड्या वेळात ताळ्यावर येते. पण शेजारच्या खुर्चीतले मूल काय घेऊन घरी निघाले आहे, हे वाटेतच विचारून घ्यावे.