माशाला दुखते का?

कुंभकोणम हे माझे आजोळ. तिथल्या बाजारात मरळ जिवंत विकतात. तमिळमध्ये त्याला विराल म्हणतात. हा मासा हवेतला प्राणवायूही घेतो, म्हणून पाण्याबाहेर लवकर मरत नाही. त्यामुळे ताजा मिळतो, पण खवले काढतानाही तो जिवंत असू शकतो. तेव्हा त्याला दुखते का?

ब्रिटनमध्ये लिन स्नेडन आणि सहकाऱ्यांनी २००३ साली ट्राउट माशांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. ओठात आम्ल टोचलेले मासे ओठ खडीवर घासू लागले, बराच वेळ खाईनात. मॉर्फिन दिल्यावर घासणे कमी झाले. चटका बसताच अंग आखडणे वेगळे आणि जखम घासत राहणे वेगळे, असे मला वाटते. काही शास्त्रज्ञ म्हणतात, माशाच्या मेंदूला आपल्यासारखा बाहेरचा थर नाही, म्हणून वेदना नाही. पण तसा थर पक्ष्यांनाही नसतो!

मी मासे खातो, सोडणारही नाही. मात्र आधी डोक्यावर जोरात फटका मारून मगच साफ करा, एवढे विक्रेत्याला सांगता येते. आपला १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदाही खाण्यासाठी मारायला परवानगी देतो, विनाकारण यातना द्यायला नाही.

खेकड्याचे अवघड आहे. त्याच्या मज्जासंस्थेची केंद्रे दोन, त्यामुळे एका फटक्यात काम होत नाही. शंखात राहणाऱ्या खेकड्यांना बेलफास्टमध्ये विजेचे हलके झटके दिले, तेव्हा नावडता शंख त्यांनी जास्त वेळा सोडला, आवडता कमी वेळा. स्वित्झर्लंडमध्ये २०१८ पासून लॉबस्टर बेशुद्ध केल्याशिवाय उकळत्या पाण्यात टाकता येत नाही.