तटाच्या आतलं रेवदंडा

आमचं रेवदंडा एका जुन्या तटाच्या आत वसलंय. वाड्यांमध्ये नारळी-पोफळी आणि त्यांच्यामधूनच चर्चच्या भिंती उभ्या. मी इथलाच, म्हणून पाहुण्यांना किल्ला दाखवायचं काम आपसूक माझ्याकडे येतं.

1521 मध्ये अहमदनगरच्या निजामशहाने पोर्तुगीजांना इथे किल्ला बांधायची परवानगी दिली. शेजारच्या चौलच्या बंदरात अरबी घोडे उतरत आणि इथलं रेशमी कापड बाहेर जाई. कारभार कॅप्टन पाही, त्याचा वरिष्ठ गोव्याचा व्हाइसरॉय आणि शेवटचा शब्द लिस्बनच्या राजाचा. समुद्रात जहाज न्यायचं तर पोर्तुगीजांचा परवाना, म्हणजे कार्ताझ, घ्यावा लागे. तो नसेल तर माल आणि जहाज दोन्ही जप्त! व्यापारी आणि सैनिकांमागोमाग फ्रान्सिस्कन, जेझुइट पाद्री आले. आमचा ‘सातखणी’ मनोरा त्याच काळातला.

त्याच लिस्बनच्या सत्तेखाली पलीकडे अमेरिकेत ब्राझील होतं. काजू, अननस, पेरू, मिरची ही मूळची अमेरिकेची. पोर्तुगीज जहाजांनीच ती आपल्याकडे आणली. मिरचीशिवाय आज आमचं कालवण होत नाही.

1740 च्या तहाने चौल मराठ्यांकडे आलं. सत्ता गेली, माणसं राहिली. खाडीपलीकडच्या कोर्लईत ख्रिस्ती कुटुंबं आजही घरात पोर्तुगीजमिश्रित बोली बोलतात आणि बाजारात मराठी.

मुरूडला जाताना गाडी थांबवा, तट बघा. फक्त दगडांवर नावं कोरू नका.