वाढत्या शहराच्या वाहतुकीची दूरदृष्टि

मलिक अंबरानें खडकी येथें राजधानी वसविली, तेव्हां नहरींनीं पाणी आणण्याची दूरदृष्टि ठेविली. त्याच शहरानें, आजच्या छत्रपति संभाजीनगरानें, वाहतुकीच्या बाबतींतहि तीच दृष्टि ठेविली पाहिजे, असें आम्हांस वाटतें.

पश्चिमेस वाळूज व पूर्वेस चिकलठाणा आणि शेंद्रा येथें कारखाने उभे राहिले. त्यांस सांधणाऱ्या जालना रस्त्यावर सारा भार पडला. २०११ च्या शिरगणतींत शहराची लोकसंख्या सुमारें ११ लाख ७५ हजार भरली. २०१९ सालीं नव्या शहर बसगाड्या सुरू झाल्या. बसचा मार्ग वर्षभरांतहि बदलतां येतो; परंतु रुळांवरील गाडीस अथवा बसच्या स्वतंत्र मार्गिकेस लागणारी जागा पुष्कळ वर्षें आधीं राखावी लागते.

म्हणून योजनेचे तीन टप्पे असतात. लोक कोठून कोठें जातात तें मोजणें. वीस-तीस वर्षांनंतर वस्ती कोठें असेल याचा अंदाज करणें. आणि त्या वाटेवरील जमीन आजच मोकळी ठेवणें. यांतील तिसरा टप्पा चुकला कीं पहिले दोन व्यर्थ होतात. २०२५ सालीं रस्ते रुंद करण्यासाठीं मुकुंदवाडी व अन्यत्र घरेंदुकानें पाडण्यांत आलीं. कित्येक कुटुंबांचे संसार उघड्यावर आले. नकाशावर रेषा ओढून भागत नाहीं. घर उभें राहण्यापूर्वींच ती जमिनीवर राखावी लागते. उद्यांचे नागरिक म्हणून तुम्हीं हें विसरूं नये, एवढीच आमची विनंती.