काळी आणि पांढरी

तुमच्यापैकी काहीजण शहरात राहतात, काहीजण खेड्यात. शहरातल्या मुलांनीही सुट्टीत गावी गेल्यावर एक गोष्ट पाहिली असेल. घराला लागून गुरांचा गोठा असतो. गोठ्याला लागून पिठाची गिरणी, गिरणीसमोर दवाखाना आणि दवाखान्याच्या मागे वेल्डिंगचे दुकान. शहरातल्या पाहुण्याला याचे नवल वाटते. येथे कोणी कुठे काय बांधावे, याचा काही नियम आहे की नाही, असे तो विचारतो.

शहरात असा नियम असतो. नगरपालिका किंवा महानगरपालिका शहराचा विकास आराखडा तयार करते. पुढील सुमारे वीस वर्षांत शहर कसे वाढावे, हे दाखवणारा तो नकाशा असतो. त्या नकाशावर रंग भरलेले असतात. पिवळा रंग राहण्याच्या जागेचा, निळा बाजारपेठेचा, जांभळा कारखान्यांचा, हिरवा शेतीचा किंवा मोकळ्या जागेचा. पिवळ्या भागात कोणालाही रसायनांचा कारखाना काढता येत नाही. या पद्धतीला क्षेत्रविभागणी म्हणतात. बोलताना मात्र लोक ‘झोन’ हा इंग्रजी शब्दच वापरतात. आपल्या देशात नगररचनेचा पहिला कायदा १९१५ साली मुंबई प्रांतात झाला. महाराष्ट्रात आज १९६६ चा प्रादेशिक व नगररचना अधिनियम लागू आहे.

खेड्यांसाठी याच अधिनियमात प्रादेशिक योजनेची सोय आहे. परंतु ही योजना संपूर्ण जिल्ह्याचा किंवा त्याच्या मोठ्या भागाचा विचार करते. तिच्या नकाशात एक गाव म्हणजे नखाएवढा ठिपका, आणि सभोवती हिरवा रंग. कोणत्या गल्लीत गिरणी असावी, कोणाच्या बांधावर वीटभट्टी नसावी, हे त्या नकाशातून कळत नाही. शिवाय तो नकाशा कचेरीत असतो. गावातल्या फारच थोड्या लोकांनी तो पाहिलेला असतो.

मग खेड्यात पूर्वी नियम नव्हतेच का? होते, पण ते कागदावर नव्हते. जुन्या मराठीत गावाच्या जमिनीला दोन नावे होती : काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेतीची जमीन. पांढरी म्हणजे वस्तीची जागा. एकाच जागी शेकडो वर्षे मातीची घरे बांधली जात, पडत आणि पुन्हा बांधली जात. चुलीतली राख त्याच मातीत मिसळे. त्यामुळे तेथील माती पांढरट होई. मराठवाड्यात धाब्याच्या घरांवर जी पांढरी माती टाकतात, ती हीच. काळीत घर बांधायचे नाही आणि पांढरीत नांगर घालायचा नाही, ही समजूत सर्वांना ठाऊक होती. पांढरी बहुधा उंचवट्यावर असे. नदीला पूर आला, तर पाणी काळीत शिरे, घरात नाही. कुंभाराची भट्टी वस्तीच्या कडेला असे. खळी, स्मशान, कब्रस्तान, ईदगाह यांच्या जागाही ठरलेल्या असत.

हे ऐकून जुने गाव फार शहाणे होते, असे वाटेल. पण त्या न लिहिलेल्या नियमांची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कोणाचे घर कुठे असावे, हे जातीवरून ठरत असे. गावाभोवतीच्या भिंतीला गावकूस म्हणतात. काही माणसांना त्या गावकुसाबाहेरच राहावे लागे. त्यांचा पाणवठाही वेगळा असे. त्यांना आत घर बांधता येत नसे आणि त्याविरुद्ध दाद मागायला जागा नव्हती. १९५० साली लागू झालेल्या राज्यघटनेने अस्पृश्यता रद्द केली, तरी वस्त्यांना जातींची नावे चिकटूनच राहिली. ती नावे बदलण्याचा निर्णय महाराष्ट्र सरकारने डिसेंबर २०२० मध्ये घेतला. म्हणून जुने नियम परत आणा, असे कोणी म्हणाले, तर मी आधी विचारीन : कोणते नियम?

इंग्रजांच्या काळात जमिनीची मोजणी झाली आणि वस्तीची जागा कागदावर आली. तिला गावठाण म्हणतात. तुमच्या उर्दूत तिला आबादी म्हणतात. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत गावठाणाची हद्द ठरवण्याचा हक्क जिल्हाधिकाऱ्यांना दिलेला आहे. (महसूल, हद्द, हक्क, जिल्हा या शब्दांचे मूळ तुम्हाला सांगायला नको.) शेताचा सातबारा निघतो, गावठाणातल्या घराचा निघत नाही. त्या घराची नोंद ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या वहीत असते.

आता गोष्ट सांगतो ती आमच्या घरची. आमचे गाव जालना जिल्ह्यात आहे. गावठाणातले आमचे जुने घर तीन भावांत वाटले गेले आणि अब्बांच्या वाट्याला दोन खोल्या आल्या. शेजारच्या घराची आणि आमची भिंत एकच. पावसाळ्यात त्यांच्या पत्र्याचे पाणी आमच्या अंगणात पडे. पुढे त्यांनी वर मजला चढवला आणि दादीच्या खोलीची एकुलती एक खिडकी अंधारली. वीस वर्षे अखंड मिळत आलेला उजेड शेजाऱ्याला अडवता येत नाही, असे १८८२ चा एक कायदा सांगतो. पण त्यासाठी कोर्टात जावे लागते. अब्बा कोर्टाच्या वाटेला गेले नाहीत. त्यांनी शेतात घर बांधले. शेतकऱ्याला स्वतःला राहण्यासाठी आणि गुरे, अवजारे ठेवण्यासाठी आपल्या शेतात शेतघर बांधता येते.

ते घर २००९ साली बांधून झाले. पूर्वेला मोसंबीची बाग, चहूकडून वारा, कोणाची सामाईक भिंत नाही. दादी म्हणायची, आता कुठे श्वास घेतल्यासारखे वाटते.

दोन वर्षांनी बागेच्या पलीकडच्या शेतात वीटभट्टी लागली. ते शेत आमच्या शेजारच्या काकांचे. सलग दोन वर्षे पाऊस कमी झाल्यामुळे त्यांच्या हाती काही लागले नव्हते, म्हणून त्यांनी शेताचा एक तुकडा भट्टीवाल्याला भाड्याने दिला होता. पावसाळा संपला की मजूर येत, माती कालवत, विटा थापत. मग भट्टी रचून पेटवत. हिवाळ्यात आमच्याकडे वारा बहुधा पूर्वेकडून वाहतो. सगळा धूर बागेवरून थेट घरात येई. मोसंबीच्या पानांवर राखेचा थर बसे. दादीला दम्याचा त्रास होता, तो वाढला. जानेवारीच्या रात्री ती खाटेवर बसून काढू लागली.

अब्बा काकांकडे गेले. मी बरोबर होतो. काका म्हणाले, “भाई, जमीन माझी, मर्जी माझी. तुम्ही बागेत काय लावता, हे मी कधी विचारलं का?”

खरे सांगायचे, तर या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते. आम्ही शेतात राहायला गेलो, ते कोणाला विचारायला लागू नये म्हणूनच. तीच मोकळीक काकांनाही होती. ठरलेला नकाशा नसतो, तेथे अशीच अडचण होते. मला हवे ते बांधण्याचा हक्क आणि शेजाऱ्याला हवे ते बांधण्याचा हक्क एकाच बांधावर येऊन उभे राहतात, आणि त्या दोघांत निवाडा करणारा कागद नसतो.

अशा वेळी काही कायदे उपयोगी पडतात. धुराने किंवा घाणीने लोकांना त्रास होत असेल, तर त्याला सार्वजनिक उपद्रव म्हणतात. तो दूर करण्याचा हुकूम कार्यकारी दंडाधिकारी देऊ शकतात. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १३३ मध्ये होते. जुलै २०२४ पासून ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ मध्ये आहे. मध्य प्रदेशातील रतलाम शहरात लोकांनी उघड्या गटारांविरुद्ध याच कलमाचा आधार घेतला होता. नगरपालिका म्हणत होती की पैसे नाहीत. १९८० साली सर्वोच्च न्यायालयाने ती सबब मान्य केली नाही. वीटभट्ट्यांबाबतही केंद्र सरकारने २०२२ मध्ये नियम केला. नवी भट्टी वस्तीपासून आणि फळबागेपासून निदान ८०० मीटर दूर असली पाहिजे. आमच्या घरापासून ती भट्टी दोनशे पावलांवर होती.

गावातल्या एका शिकलेल्या माणसाने तहसीलदारांकडे अर्ज करायला सुचवले. अब्बांनी केला नाही. अर्ज केला की शेजार तुटतो, असे त्यांचे म्हणणे होते. विहिरीचे पाणी दोन्ही शेतांना एकाच पाटाने जाते, हे ते विसरले नव्हते. मला तेव्हा ते पटले नाही. दादीच्या त्या रात्री आठवल्या की आजही पूर्णपणे पटत नाही.

शेवटी हा विषय ग्रामसभेत आला. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभा भरवण्याची प्रथा आहे. गावातला प्रत्येक मतदार तिचा सभासद असतो. २६ जानेवारीच्या सभेत अब्बा बोलले, काकाही बोलले. कोणी म्हणाले, भट्टी शेताच्या पश्चिम टोकाला न्या. त्यावर एक म्हातारे गृहस्थ उठले. उन्हाळ्यात वारा फिरतो, मग धूर दुसऱ्या वस्तीवर जाईल, हे त्यांनी लक्षात आणून दिले. तासभर वाद झाला. गावापासून दूर मुरमाड माळ आहे. तेथील एका शेतकऱ्याने जागा द्यायची तयारी दाखवली. पण भट्टीवाल्याने वर्षाचे भाडे आगाऊ दिले होते. म्हणून भट्टी हलायला आणखी एक हंगाम गेला. दादीने तो हंगाम आत्याच्या घरी काढला.

आता पुढचा भाग ऐका. भट्टी गेली. काकांनी त्या जागेवर मुलासाठी घर बांधले. आणि २०१८ साली अब्बांच्या मनात आले की घराशेजारी पिठाची गिरणी टाकावी. बागेत पैसा राहिला नव्हता. शेतातल्या वस्त्या वाढल्या होत्या आणि बायकांना दळणासाठी गावात जावे लागत होते. गिरणी बसली. आठ दिवसांत काकांचा मुलगा आला. घरात लहान बाळ होते, गिरणीच्या आवाजाने ते झोपत नव्हते. अब्बा म्हणाले, “जागा आमची आहे, बाबा.” आतून दादीचा हसण्याचा आवाज आला.

ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली झाले. राहत्या भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, बाजाराच्या भागात ६५ आणि ५५, कारखान्यांच्या भागात ७५ आणि ७० अशा मर्यादा त्यांत दिल्या आहेत. पण आमच्या दोन घरांची जागा यांपैकी कोणत्या भागात येते? कागदावर ते शेत आहे. नियम नकाशाचा आधार घेतो आणि नकाशावर तर नुसता हिरवा रंग आहे. मग आम्हीच ठरवले. गिरणी सकाळी नऊ ते अकरा आणि दुपारी चार ते सहा चालते. काकांच्या बाजूला विटांची एक आडवी भिंत घातली. विटा त्याच भट्टीवाल्याकडून आणल्या.

हे दोन शेजाऱ्यांत जमले, कारण माणसे ओळखीची होती. आता खेड्यांत एक नवा प्रकार वाढला आहे. हमरस्त्याजवळचे शेत गुंठ्या-गुंठ्याने विकले जाते. चाळीस गुंठ्यांचा एक एकर होतो. एक गुंठा म्हणजे ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद जागा. घेणारे निरनिराळ्या गावांचे असतात. प्रत्येकजण आपल्या तुकड्याच्या कडेपर्यंत घर बांधतो. रस्ता कोणी सोडायचा, गटार कुठून न्यायचे, हे ठरलेलेच नसते. या प्रकाराला गुंठेवारी म्हणतात. महाराष्ट्र सरकारने २००१ साली अशी घरे नियमित करण्यासाठी कायदा केला. पण कायद्याने कागद मिळतो, रस्ता मिळेलच असे नाही. काहीजण तर ओढ्याच्या पात्रालगत घरे बांधतात. पाटबंधारे खाते नदीकाठी निळी आणि लाल पूररेषा आखते. निळ्या रेषेच्या आत बांधकाम करायचे नसते. लहान ओढ्यांवर मात्र अशा रेषा बहुधा आखलेल्या नसतात. तेथे पाणी कुठपर्यंत येते, हे जुन्या माणसांनाच विचारावे लागते.

२०२० पासून स्वामित्व योजनेखाली ड्रोनने गावठाणांची मोजणी होत आहे. आधी चुन्याने प्रत्येक घराची हद्द आखतात, मग वरून छायाचित्रे घेतात आणि मालकाला पत्रिका मिळते. आमच्या जुन्या दोन खोल्यांचीही पत्रिका मिळाली. गुंठेवारीतली घरे गावठाणाबाहेर असल्यामुळे या मोजणीत येत नाहीत.

आमच्या गावाच्या वेशीजवळ अशी अठरा घरे झाली आहेत. मधली वाट पाच फुटांची आहे. गेल्या उन्हाळ्यात पाण्याचा टँकर आत जाऊ शकला नाही. बायकांनी हमरस्त्यापासून घागरी वाहिल्या. १ मेच्या ग्रामसभेत वाट रुंद करण्याचा विषय निघाला. दोन्ही बाजूंच्या घरवाल्यांनी तीन-तीन फूट जागा सोडावी, असे ठरले. सोळा जणांनी सह्या केल्या आहेत. उरलेल्या दोघांची पायरी आणि न्हाणीघर त्या तीन फुटांत येते. त्यांच्याशी बोलणी चालू आहेत.