पॅनेल किती कलवायचं?

छपरावरची वीज : भाग ६

भायखळ्यापासून परळपर्यंत गिरण्यांच्या ज्या थोड्या शेड अजून उभ्या आहेत, त्यांची छपरं करवतीच्या दात्यांसारखी. प्रत्येक दात्याची उभी बाजू काचेची, उत्तरेला तोंड केलेली. उतरती बाजू दक्षिणेला. साचेखात्यात दिवसभर सारखा उजेड हवा, पण सुतावर थेट ऊन नको, म्हणून ही रचना. उन्हाकडे पाठ फिरवण्यासाठी गिरणीवाल्यांनी जो उतार दक्षिणेला टाकला, तोच आज सौरपॅनेल बसवणाऱ्याला हवा असतो. पण शेड पडल्या, टॉवर उभे राहिले आणि पॅनेल आली ती सपाट गच्च्यांवर. तिथे उतार लोखंडाच्या अँगलमध्ये घडवावा लागतो. मग सोसायटीपुढे प्रश्न येतो : स्ट्रक्चर फिक्स घ्यायचं, की कोन बदलता येणारं?

आधी सूर्याचा हिशेब. भायखळा १९ अंश उत्तर अक्षांशाला जवळपास चिकटून आहे. २१ डिसेंबरला माध्यान्हीचा सूर्य इथे डोक्यापासून ४२ अंश दक्षिणेला असतो. जूनच्या त्याच सुमारास तो डोक्यावरून पुढे सरकून साडेचार अंश उत्तरेला गेलेला असतो. मेच्या मध्याला आणि जुलैच्या शेवटच्या आठवड्यात तो बरोबर डोक्यावर येतो आणि भर दुपारी उभ्या खांबाची सावली दिसेनाशी होते.

आता पॅनेल दक्षिणेकडे १९ अंश कलवून कायमचं बसवलं असं धरू. मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनी दुपारचं ऊन त्यावर सरळ पडेल. डिसेंबर आणि जूनच्या टोकाला ते साडेतेवीस अंशांनी तिरकं पडेल, आणि तेव्हाही तोटा फक्त आठ टक्क्यांचा. वर्षभराची सरासरी काढली तर थेट उन्हातलं नुकसान जेमतेम चार टक्के. कोन बदलणारं स्ट्रक्चर ज्या फायद्याची जाहिरात करतं तो सगळा या चार टक्क्यांतला. त्यातला जून-जुलैचा वाटा पावसाळी ढग खातात. आभाळ भरून आलं की उजेड सगळ्या आकाशातून झिरपतो, आणि मग पॅनेल सूर्याकडे रोखून धरण्यात अर्थ उरत नाही.

तरीही चार टक्के फुकटचे म्हणून घ्यायला काय हरकत आहे? हरकत जागेची आहे, आणि ती या भागात सगळ्यात मोठी.

साधारण सव्वादोन मीटर लांबीचं पॅनेल १९ अंशांवर असेल, तर त्याची वरची कड पाऊण मीटर उचलली जाते. हिवाळ्यासाठी ते ३४ अंशांवर नेलं की सव्वा मीटर. डिसेंबरात सकाळी नऊच्या उन्हात मागच्या रांगेवर सावली पडू द्यायची नसेल, तर पहिल्या प्रकारात दोन रांगांमध्ये सुमारे ९० सेंटीमीटर मोकळे ठेवावे लागतात, दुसऱ्यात दीड मीटर. पॅनेल जास्त उभं राहिल्याने थोडी जागा वाचते, ती वजा केली तरी प्रत्येक रांगेला बाराएक टक्के जास्त गच्ची लागते. म्हणजे जिथे फिक्स पद्धतीने २० किलोवॉट मावतात, तिथे कोन बदलणारे १८ किलोवॉटही मावत नाहीत. मुंबईत किलोवॉटमागे दिवसाला चार युनिट हा ढोबळ आकडा धरला, तर फिक्स स्ट्रक्चर वर्षाला २९ हजार युनिट देईल. कोन बदलणारं स्ट्रक्चर चार टक्के जास्त कमावूनही २७ हजारांवर थांबेल. फेब्रुवारी २०२४मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीला सामाईक वापरासाठी किलोवॉटमागे १८ हजार रुपये अनुदान आहे. तेही किलोवॉट मोजतं, अंश नाही.

दुसरी अडचण वाऱ्याची. ५ ऑगस्ट २०२०ला कुलाब्यात ताशी शंभर किलोमीटरहून जोरदार वारे नोंदले गेले. पुढच्या मेमध्ये तौक्ते चक्रीवादळ आलं. भारतीय मानकाप्रमाणे मुंबईतलं बांधकाम सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी १५८ किलोमीटर, हा मूळ वेग धरून आखायचं असतं. पॅनेल जितकं उभं, तितका वारा त्याला खालून उचलू पाहतो. गच्चीचं वॉटरप्रूफिंग फुटू नये म्हणून अनेक ठिकाणी स्ट्रक्चर भोकं न पाडता काँक्रीटच्या ठोकळ्यांवर उभं करतात. कोन वाढला की ठोकळ्यांचं वजन वाढतं, आणि जुन्या इमारतीच्या स्लॅबला ते झेपेल का, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारावं लागतं.

शिवाय बोल्ट. खाऱ्या हवेत आणि चार महिन्यांच्या पावसात फिरत्या जोडाचे नट गंजून बसतात. सप्टेंबरअखेरीस, पाऊस पुरता सरलेलाही नसताना, हिवाळी कोन लावायला पाना घेऊन गच्चीवर चढणार कोण? वॉचमन नाही, सेक्रेटरी तर नाहीच. मजूर बोलवावा तर त्याच्या वर्षातल्या दोन फेऱ्यांची मजुरी त्याच चार टक्क्यांतून जाते. दोन वर्षांनी बहुतेक अशी स्ट्रक्चर एकाच कोनात अडकून पडतात, आणि तो कोनही कुणी ठरवलेला नसतो.

हीच कल्पना शेतावर मात्र चोख चालते. सौर कृषिपंपांसाठी केंद्राच्या नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाच्या निकषांत ऋतूनुसार कोन बदलण्याची आणि हाताने फिरवायचं असेल तर दिवसातून तीनदा पॅनेल वळवण्याची सोय सांगितली आहे. तिथे जागेची टंचाई नाही, शेतकरी रोज पंपापाशी असतोच, आणि सकाळ-संध्याकाळचं जादा पाणी त्याला लगेच दिसतं.

गच्चीसाठी उलट दिशेने विचार करावा : कोन आणखी कमी करावा. १९ऐवजी १० अंश ठेवले तर वर्षाचं उत्पादन एक-दोन टक्के घटतं, पण रांगा जवळ येतात आणि वाऱ्याचा मार कमी होतो. दहाच्या खाली मात्र उतरू नये. पाणी खालच्या कडेशी साचतं, धूळ तिथेच चिकटते. पाऊस गेल्यावरचे आठ कोरडे महिने धूळ आणि कबुतरं जेवढी वीज खातात, तेवढी कोन बदलून परत मिळणार नाही. तो पैसा पाण्याचा नळ आणि पुसण्याच्या मजुरीवर घालावा.

कोन ठरवण्याआधी गच्चीवरून दक्षिणेला नजर टाकावी. दीडशे मीटर उंच टॉवरची माध्यान्हीची सावली विषुवदिनी उत्तरेला पन्नासएक मीटर पडते, डिसेंबरात ती १३७ मीटरवर जाते. म्हणजे कोन वाढवून जे हिवाळी ऊन पकडायचं, ते भायखळ्यातल्या कित्येक गच्च्यांवर त्या दिवसांत पोचतच नाही. रांगेतल्या एका पॅनेलवर अशी सावली आली की बाकीच्यांचं काय होतं, ते पुढच्या भागात.