वृद्ध कंठांचीं नवीं ध्वनिमुद्रणें

उतारवयास पोहोंचलेल्या गायकाचें किंवा वादकाचें नवें ध्वनिमुद्रण कशासाठीं करावें, असा प्रश्न पुष्कळांस पडतो. आवाज थकलेला, दम अपुरा, बोटें ताठरलेलीं; आणि उमेदीच्या काळांतील तबकडी तर हातीं आहेच. अमेरिकेंतील ‘ब्लूज’ आणि ‘जाझ’ ह्या संगीतप्रकारांच्या इतिहासांत ह्या प्रश्नाचें उत्तर सांपडतें, आणि परभणीच्या बाजूस राहणारांनाही तें उत्तर परकें वाटूं नये.

‘ब्लूज’ हें अमेरिकेच्या दक्षिण भागांतील कृष्णवर्णी कष्टकऱ्यांचें गाणें. एक ओळ म्हणावयाची, तीच पुन्हां घोळवावयाची आणि तिसऱ्या ओळीनें तिचा उलगडा करावयाचा, असा त्याचा सामान्य घाट असतो. ‘जाझ’ हा न्यू ऑर्लिन्स शहरांत वाढलेला वाद्यमेळाचा प्रकार. ठरलेल्या चालीवर वादकानें आयत्या वेळीं उपज करावी, हा त्याचा प्राण. १९२० सालीं मेमी स्मिथ ह्या गायिकेच्या ‘क्रेझी ब्लूज’ ह्या तबकडीचा खप पाहून कंपन्या अशा गायकांच्या शोधास निघाल्या. पुढें १९२९ च्या मंदींत हा बाजार कोसळला, आणि अनेक गायक पुन्हां शेताकडे व मजुरीकडे वळले.

मिसिसिपी जॉन हर्ट हा त्यांपैकींच एक. १९२८ सालीं त्यानें थोडीं गाणीं मुद्रित केलीं, आणि पुढें पस्तीस वर्षें जगास त्याचा पत्ता नव्हता. त्याच्या एका गाण्यांत ॲव्हलॉन ह्या त्याच्या गांवाचा उल्लेख होता. तेवढ्या धाग्यावरून टॉम हॉस्किन्स हा तरुण १९६३ सालीं तेथें गेला, तों हर्ट तेथेंच शेतावर राबत होता. त्याच वर्षीं वॉशिंग्टनच्या काँग्रेस ग्रंथालयासाठीं त्याचीं गाणीं नव्यानें मुद्रित झालीं. १९६६ सालीं तो वारला. म्हणजे ह्या कामास अवघीं तीन वर्षें मिळालीं. सन हाऊस ह्याच्या तबकड्या १९३० सालच्या. १९६४ सालीं तो रोचेस्टर शहरांत सांपडला, तेव्हां त्यानें गिटार सोडून बराच काळ लोटला होता. ॲलन विल्सन नांवाच्या तरुणानें जुन्या तबकड्यांवरून त्याचींच गाणीं त्यास पुन्हां बसवून दिलीं, आणि १९६५ सालीं कोलंबिया कंपनीनें तीं मुद्रित केलीं.

जुनी तबकडी असतांना नव्या मुद्रणानें काय साधलें? पहिलें कारण यंत्राचें आहे. जुन्या तबकडीच्या एका बाजूवर सुमारें तीन मिनिटेंच मावत. हाऊसचें एकेक गाणें तर दोन बाजूंवर विभागावें लागलें होतें. १९४८ सालीं दीर्घकाल वाजणारी तबकडी निघाली. तिच्या एका बाजूवर वीस मिनिटांहून अधिक गाणें मावूं लागलें. जें गाणें रात्रभर रंगावयाचें त्याचा खरा विस्तार प्रथमच कानीं आला.

दुसरें कारण वयाचें. उतारवयांत फुफ्फुसांचा आवांका कमी होतो, स्वरतंतूंची लवचिकता जाते, आणि म्हणून गायक लांब ओळ तोडून घेतो. पण जेथें तो थांबतो, तेथें शब्दाचा अर्थ अधिक उमटतो. तरुणपणीं द्रुत लयीनें झांकलेलें गाण्याचें हाड ह्या संथ गतींत दिसूं लागतें. अर्थात् सर्वच वृद्धांचें गाणें सरस होतें असें नव्हे. कित्येक नवीं मुद्रणें केवळ आदरापोटीं ऐकावीं लागतात, हेंही सांगितलें पाहिजे.

जाझमध्यें तर मुद्रणाची पहिलीच संधि म्हातारपणीं आलेले वादकही आहेत. बंक जॉन्सन ह्या ट्रंपेटवादकाचे दांत गेल्यामुळें वादन बंद पडलें होतें. त्यास कवळी बसविण्यांत आली आणि १९४२ सालीं त्याच्या पहिल्या तबकड्या निघाल्या. मुंबईसही जाझचें वारें १९३० नंतरच्या दशकांत ताजमहाल हॉटेलांतून आलें. पुढें अनेक गोमंतकीय वादक रात्रीं हॉटेलांत जाझ वाजवीत आणि दिवसां हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत बसत. चित्रपटगीतांच्या तबकड्यांवर मात्र त्यांचीं नांवें क्वचितच छापलीं गेलीं.

आतां परभणीकडे वळूं. परभणीहून पूर्णेकडे जातांना पिंगळी हें लहानसें स्टेशन लागतें. भोंवतालची जमीन काळी, मुलूख कापसाचा आणि जोंधळ्याचा. अशा गांवांतून पीठ दळण्याच्या गिरण्या आल्या आणि पहांटेचें जातें थांबलें. जातें थांबल्यावर ओवी म्हणण्याचा प्रसंगच उरला नाहीं. ती फक्त वृद्ध स्त्रियांच्या आठवणींत राहिली. गी पॉइत्वां आणि हेमा राईरकर ह्या दोघांनीं सहकाऱ्यांसह महाराष्ट्रांतील हजाराहून अधिक गांवांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. बर्नार बेल ह्यांनीं त्यांपैकीं कांहीं हजार ओव्या ध्वनिमुद्रित केल्या. त्यांत परभणी जिल्ह्यांतीलच, पूर्णा तालुक्यांतील तडकळसच्या गंगूबाई अंबोरे ह्यांचा आवाज आहे. २०१७ पासून ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ ही संस्था हा संग्रह प्रसिद्ध करूं लागली, आणि तिच्या कार्यकर्त्यांनीं कांहीं गायिकांकडे पुन्हां जाऊन नवीं मुद्रणेंही केलीं.

ओवी म्हणजे मराठवाड्याचा ब्लूज, असें म्हणणें बरोबर होणार नाहीं. ब्लूज बाजारांत विकला गेला; ओवी घराबाहेर क्वचितच गेली. ब्लूजला बहुधा गाणाराचें नांव असतें. ओवी सासरमाहेरच्या अनेकींची मिळून असते. पण दोहोंचा जन्म कष्टांत आहे, आणि दोहोंची किंमत जगास उशिरां कळली.

ह्यांतूनच मोबदल्याचा प्रश्न निघतो. स्किप जेम्स ह्या ब्लूज गायकाचें एक जुनें गाणें १९६६ सालीं ‘क्रीम’ ह्या इंग्लिश वाद्यवृंदानें गाइलें, आणि त्याच्या हक्काचा पैसा जेम्सच्या आजारपणांत उपयोगीं पडला. ओवीचा कर्ता एक नसल्यामुळें तिचा हक्क कोणाचा, हें ठरविणें कठीण. तरी जिनें ती जपली आणि गाइली तिचें नांव व गांव मुद्रणाबरोबर राहिलें पाहिजे, आणि तिच्या वेळेचें मोल तिला मिळालें पाहिजे.

आज मुद्रणाचें यंत्र जवळजवळ प्रत्येकाच्या खिशांत आहे. ज्या घरांत गाणारी आजी आहे, तेथें तिला पेटीच्या सुरांत बसविण्याचा आग्रह धरूं नये. शक्य तर जातें पुढें ठेवावें, लय तिच्या हाताला ठरवूं द्यावी, आणि अखेरीस ती ओवी कोणाकडून शिकली तें तिच्याच तोंडून नोंदवून घ्यावें. गाण्याबरोबर हें बोलणें टिकलें, तर ती ओवी पुढील पिढीस समजून घेतां येईल.