कूलर बंद झाला, पण लाइट चालूच आहे: शॉर्ट हॉरर फिल्मचा आवाज कसा तयार होतो

या भागाचं हे लिखित रूप. बोलताना मी आवाज वाजवून दाखवले होते, इथे ते शब्दांत सांगावे लागतायत. तेव्हा जमलं तर भागही ऐका, आणि हेडफोन लावून ऐका. कारण शेवटी कळेलच.

लांडगा कुठून आला बे?

सुरुवात फजितीपासून करतो. आमची आठ मिनिटांची फिल्म. नागपुरात महालातला एक जुना वाडा, मे महिन्याची रात्र, घरात एकटी मुलगी. माजघरातला झोपाळा आपोआप हलतो. बस, एवढीच गोष्ट. एडिट झालं, इंटरनेटवरून फुकटचे साउंड इफेक्ट उतरवले, लावले आणि मित्रांना दाखवली. भीतीच्या ऐन क्षणी मागून लांडगा ओरडला, आणि अंधारातून एक जण म्हणाला, "महालात लांडगा कुठून आला बे?" सगळी खोली हसली. पुढची चार मिनिटं कोणी घाबरायला तयारच नव्हतं.

चित्र तेच होतं, नटी तीच होती, आणि तिनं काम चांगलं केलं होतं. तिची सगळी मेहनत आमच्या दोन रेडीमेड आवाजांनी घालवली. दुसरा आवाज दाराचा होता. आमच्या वाड्याचं दार सागवानी, बिजागऱ्या लोखंडी, आणि आवाज मात्र एखाद्या युरोपातल्या किल्ल्याचा! प्रेक्षकाला हे शब्दांत सांगता येत नाही, पण कानाला खोटं कळतं. आणि एकदा कानाचा विश्वास उडाला की भीती संपली.

मग आम्ही सगळा आवाज काढून टाकला आणि शून्यापासून सुरुवात केली.

आधी घर, मग भूत

पहिला नियम: भुताचा आवाज शेवटी करायचा, आधी घराचा. रिकाम्या खोलीलाही आवाज असतो, त्याला रूम टोन म्हणतात. शूटिंग संपलं की सगळ्यांना गप्प उभं करून किमान एक मिनिट नुसती खोली रेकॉर्ड करा. हा थर खाली नसेल, तर दोन संवादांच्या मधे आवाज तुटल्यासारखा वाटतो.

आता नागपुरातल्या मे महिन्यातल्या घराचा आवाज काय? कूलर! बाहेर पंचेचाळीस डिग्री तापमान आणि घरात रात्रभर कूलरची घरघर. शूटिंगच्या वेळी तो आमचा शत्रू होता. प्रत्येक टेकला बंद करायचा, टेक झाला की घामाघूम होऊन पुन्हा चालू. ते करावंच लागतं, कारण संवादात मिसळलेला कूलर नंतर स्वच्छ काढता येत नाही. पण रिकाम्या घरात बसून दुसऱ्यांदा ऐकताना लक्षात आलं, की आपली फिल्म या कूलरमध्येच आहे.

म्हणून कूलर वेगळा रेकॉर्ड केला, तुकड्या-तुकड्यांनी. मोटरची गुणगुण, पात्याचा वारा, खसच्या ताट्यांवरून झिरपणारं पाणी, पत्र्याची थरथर. मग बंद करतानाचा आवाज: खटका, पातं हळूहळू थांबतं, आणि नंतर टाकीत पडणारे थेंब. टप... टप...

नागपूरकराला हा क्रम पाठ असतो. झोपेत कूलर थांबला की घर जागं होतं, कारण लाइट गेली. आमच्या फिल्ममध्ये कूलर थांबतो, मुलगी डोळे उघडते, आणि बल्ब चालूच आहे. मग कूलर कोणी बंद केला?

इथे भूत दिसत नाही, ओरडत नाही. रोजचा एक आवाज फक्त काढून घेतलाय. आणि तो गेल्यामुळे आतापर्यंत झाकलेलं सगळं ऐकू यायला लागतं: थेंब, घड्याळ, आणि माजघरातली झोपाळ्याची कडी.

पंख्यावरून एक खरा किस्सा. इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीचे इंजिनियर विक टँडी. त्यांच्या प्रयोगशाळेत लोकांना अस्वस्थ वाटायचं, आणि एका रात्री त्यांना स्वतःला डोळ्याच्या कोपऱ्यात करडी आकृती दिसल्यासारखं झालं. शोध घेतल्यावर नवा एक्झॉस्ट फॅन सापडला. त्याच्यामुळे खोलीत साधारण 19 हर्ट्झचं कंपन तयार होत होतं. माणसाला साधारण 20 हर्ट्झच्या वरचं ऐकू येतं, म्हणजे हे कानाच्या खालचं. 1998 साली त्यांनी यावर लेख प्रसिद्ध केला. असं कंपन सगळ्यांनाच घाबरवतं, हे काही सिद्ध झालेलं नाही. पण भुताचा माग काढत माणूस पंख्यापाशी पोचला, हे आम्हा कूलरवाल्यांना फार आवडलं!

भाजीबाजारातली हाडं

चित्र बघत-बघत हाताने आवाज करण्याला फोली म्हणतात. युनिव्हर्सल स्टुडिओतल्या जॅक फोली यांच्या नावावरून हा शब्द आला. बोलपट नवे होते तेव्हापासून हे काम चाललंय. आणि याचं सामान बहुतेक वेळा स्वयंपाकघरात असतं. हिचकॉकच्या 1960 च्या 'सायको'त सुरी खुपसल्याचा आवाज खरबुजाच्या जातीच्या एका फळाचा आहे. 1973 च्या 'द एक्झॉर्सिस्ट'मध्ये मान वळते तो कडकड आवाज गोन्झालो गाव्हिरा यांनी कार्ड भरलेलं जुनं चामड्याचं पाकीट मायक्रोफोनजवळ पिळून काढला होता.

आमची यादी विदर्भातली:

- हाड मोडणं: वाळलेली पऱ्हाटी. कापूस निघाल्यावर शेतात उरते ती. कोरडा, तीक्ष्ण आवाज येतो. ओलसर हाड हवं असेल तर ओल्या फडक्यात गुंडाळून गाजर मोडा, आणि दोन्ही थर एकमेकांवर ठेवा.
- मांस: खरं तर संत्र्याचं साल सोलल्यावर फार छान आवाज येतो. नागपुरी संत्र्याचं साल सैल असतं, फोडीपासून सुटताना चिकट 'चर्र' होतं. पण मे महिन्यात संत्री कुठून आणता? टरबूज घेतलं. मधे चीर दिली आणि आत बोटं घातली. नंतर खाल्लंही.
- झोपाळा: इथे बनवाबनवी नाही, खरी कडीच. मायक्रोफोन कडीपासून वीतभर अंतरावर. मग रेकॉर्डिंग अर्ध्या वेगाने वाजवलं. आवाज एक सप्तक खाली जातो, दुप्पट लांबतो, आणि लोखंड कण्हतंय असं वाटतं. असं खेचायचं असेल तर 96 किलोहर्ट्झवर रेकॉर्ड करा, म्हणजे खाली खेचल्यावरही वरचे बारकावे उरतात. बाकी कामाला 48 किलोहर्ट्झ, 24 बिट पुरतं.

स्टुडिओ नसेल तर घरातल्या गाद्या-रजया उभ्या करा आणि त्यांच्या मधे बसा. कपड्यांनी भरलेलं कपाटही चालतं. मोठ्यातला मोठा आवाज उणे 12 डेसिबलच्या आसपास राहील असं बघा. फाटलेला आवाज दुरुस्त होत नाही.

बाहेरचा थर लावताना ऋतू आणि गाव तपासा. मे महिन्यातल्या महालात बेडकांचा कोरस नको. टिटवी किंवा पिंगळा चालेल. आपल्याकडे लोक त्यांच्या ओरडण्याला अशुभ मानतातच, वेगळं काही सांगावं लागत नाही.

दचकणं वेगळं, घाबरणं वेगळं

एकदम मोठा आवाज झाला की माणूस दचकतो. तो शरीराचा प्रतिसाद आहे, प्रेशर कुकरची शिट्टीसुद्धा तो मिळवते. आठ मिनिटांत एखादा दचका पुरे. आणि त्याच्या आधी शांतता हवी. आवाज किती मोठा वाटतो हे त्याच्या आधी काय होतं यावर ठरतं.

घाबरवण्यासाठी मात्र कर्कशपणा उपयोगी पडतो. 2015 मध्ये ल्युक आर्नाल आणि सहकाऱ्यांनी किंकाळ्यांचा अभ्यास केला. किंकाळीत आवाजाची पातळी सेकंदाला साधारण 30 ते 150 वेळा वरखाली होत असते, आणि या खरखरीमुळे ती मेंदूला धोक्याची खूण वाटते, असं त्यांना आढळलं. साध्या बोलण्यात हे चढउतार याहून खूप संथ असतात. म्हणून आम्ही कडीच्या आवाजाखाली एक बारीक थर दिला: पितळी परातीच्या कडेवरून ओल्या बोटाने काढलेली थरथर. वेगळी ऐकू येत नाही, पण काढली की प्रसंग बसतो.

'तुंबाड'कडून काय शिकायचं

राही अनिल बर्वे यांचा 'तुंबाड' 2018 चा. त्याचं मूळ विदर्भातल्या एका रात्रीपर्यंत जातं, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. 1993 मध्ये नागझिरा अभयारण्यात एका मित्राने बर्वेंना नारायण धारपांची गोष्ट सांगितली होती, आणि ते जाम घाबरले होते. म्हणजे सुरुवातीला कॅमेरा नव्हता. जंगल, मित्राचा आवाज आणि ऐकणारा, एवढंच.

या सिनेमासाठी कुणाल शर्मा यांना ध्वनिआरेखनाचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. पुन्हा बघाल तेव्हा पाऊस ऐका. तो जवळजवळ कायम पडतोय, आणि वाड्यात, वाड्याबाहेर, खाली त्या गर्भात शिरताना आवाजाची जागा बदलते. आमच्यासाठी पाऊस म्हणजे कूलर. तुमच्या घरात काय आहे, ते तुम्ही शोधा.

शेवटची परीक्षा मोबाइलवर

आता हेडफोनचं कारण. आपली शॉर्ट फिल्म लोक फोनवर बघतात. फोनच्या स्पीकरवर 200 हर्ट्झच्या खालचं फारसं वाजत नाही. म्हणजे तुम्ही प्रेमाने घातलेली खोल घरघर तिथे गायब! उपाय असा, की त्या घरघरीला थोडं डिस्टॉर्शन देऊन वरचे स्वर तयार करायचे. वरचे स्वर ऐकून कान खालचा मूळ स्वर स्वतःच भरून घेतो.

आणि सगळंच मोठं करू नका. जास्त मोठा आवाज यूट्यूब स्वतःहून खाली आणतं, साधारण उणे 14 लफ्सपर्यंत. मग तुमची शांतता आणि तुमचा दचका, दोघांमधलं अंतर तेवढं उरतं. तेच सांभाळायचं.

एका श्रोत्याने विचारलं होतं: रेडीमेड इफेक्ट वापरूच नयेत का? वापरा की! लायसन्स वाचा, आणि तो आवाज तुमच्या खोलीतला वाटतोय का ते तपासा. आमच्या फिल्ममधलं घड्याळ रेडीमेडच आहे.

दुसऱ्यांदा फिल्म दाखवली तेव्हा तेच मित्र होते. कूलर थांबला. लांडगावाला मित्र काहीतरी बोलणार होता, पण त्याने आधी वर बल्बकडे बघितलं. पडद्यावरच्या नाही, खोलीतल्या.

भेटू पुढच्या भागात. तोवर आज रात्री झोपण्यापूर्वी दोन मिनिटं घर ऐका, आणि काय ऐकू आलं ते कळवा.